आईच्या साड्यांचा बाळंतविडा (तुम्ही घरच्यांसाठी काय काय शिवलंत?)

मोरपिशी | ४ जून

धाकट्या बहिणीला आठवा महिना लागलाय. आई असती तर एव्हाना मशीन पुढच्या खोलीत आलं असतं आणि घरभर मलमलीचे तुकडे झाले असते. माझ्या बाळंतपणात तिने असंच सगळं शिवलं होतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली. बाळंतविडा आता मीच शिवणार, असं बहिणीला सांगून टाकलंय. बाजारातला सेट आणायचा नाही.

शिवण मला नवं नाही. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला धावदोरा, टीप, काजं शिकले. पुढे लेकीचे फ्रॉक, उशांचे अभ्रे, भाच्यांची दप्तरं असं जमेल तसं शिवत आले. नोकरी आहे, त्यामुळे रात्री नऊ ते अकरा हाच माझा वेळ. पण बाळाच्या अंगाला लागणारं इतकं सगळं एकदम पहिल्यांदाच शिवतेय, म्हणून हा धागा.

झबली आठ झाली. सगळी आईच्या दोन मलमलीच्या साड्यांमधून. कितीतरी वर्षं धुतलेलं कापड, त्यात ना खळ उरली ना खरखर. ज्यांना नवं कापड घ्यायचंय त्यांनी ते आधी रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून मगच बेतायला घ्यावं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि मग झबलं बेंबीवर येतं. माझं माप: उंची १२ इंच, छातीचा घेर १८ इंच, बाही अंगातच कापलेली, म्हणजे खांद्याला जोड नाही. पुढून एकावर एक येणारे दोन पदर आणि बाजूला बंद. बटण नाही, हूक नाही. शिवणीच्या कडा बाहेरच्या बाजूला ठेवल्यात. हे आईचं. बघणाऱ्याला झबलं उलटं घातल्यासारखं वाटायचं आणि ती म्हणायची, बाळाच्या बाजूने सुलटच आहे.

गळ्याला तिरक्या कापडाची पट्टी लावली. कापड ४५ अंशांत कापलं की ते ताणतं, गोलाईवर चुण्या न पडता बसतं. सरळ पट्टी लावाल तर गळा उभा राहतो आणि हनुवटीला घासतो.

लंगोट दोन डझन झाले, २४ इंचांचे चौकोन, कडा दुमडून. टोपडी चार, दुहेरी दुपटी चार. कुंची खणाची करणार आहे, ती अजून बेतलेली नाही.

आता खरी अडचण. गोधडी.

आईच्या एका गर्द हिरव्या सुती साडीचे पाच तुकडे केले, वारभर लांबीचे. पाच थर एकावर एक ठेवले आणि इंटरनेटवर एका बाईंनी दाखवलं होतं तसं मधून सुरुवात करून कडेकडे धावदोरा घालत गेले. रोज मांडीवर घेऊन तास-दीड तास. तीन आठवड्यांनी काल पसरून बघितली तर मधोमध फुगा आलाय, खालच्या थराला चुण्या पडल्यात आणि एक कोपरा दुसऱ्यापेक्षा तीन बोटं लांब. इस्त्रीने काही होत नाही. उसवायची आहेच, पण पुन्हा तेच व्हायला नको. जाणकारांनी सांगा.

आणि तुम्ही घरच्यांसाठी काय शिवलंय तेही लिहा. मला वाचायचंय.

टाचणी | ४ जून

वाचनखूण साठवली. मी २०२० मध्ये मास्क शिवण्यापासून सुरुवात केली. सुती कापडाचे तीन थर, मध्ये तीन चुण्या. सोसायटीतल्या सगळ्यांना वाटले. मग मशीन आत ठेवावंसं वाटेना, म्हणून मुलांच्या पायजम्यांवर आले. इलॅस्टिक कमरेच्या मापापेक्षा दोन इंच कमी घ्यायचं, एवढं एक कळलं की पायजमा जमतोच. गोधडीबद्दल मात्र जुनीसुई काकूंना विचारा.

जुनीसुई | ५ जून

मोरपिशी, बाळा, मांडीवर घेऊन शिवलीस ना? तिथंच चुकलं.

आमच्याकडं साताऱ्याला हिला वाकळ म्हणतात. वाकळ जमिनीवर शिवायची. मांडीवर घेतली की वरचा थर ताणतो, खालचा सैल राहतो, आणि तुला कळायच्या आत टाका दोन्हीतून गेलेला असतो. चौकटीत ताणून शिवणाऱ्या बायका मधून सुरू करत असतील. तिथं कापड धरलेलं असतं, आपल्याकडं ते धरायला जमीन आहे.

आता नीट वाच. जागा झाडून पूस. सतरंजी नको, ती सरकते. प्रत्येक तुकड्याला पाण्याचा हबका मारून इस्त्री कर आणि सगळ्यांचे काठ एकाच दिशेला ठेव. साडी उभ्या धाग्यात ताणत नाही, आडव्यात ताणते. एक थर उभा, एक आडवा घातलास तर पहिल्या धुण्यात वाकडी होणार. खालचा थर सुलट बाजू खाली करून अंथर. चारी कोपऱ्यांना वजन ठेव. आम्ही वरवंटा आणि भरलेले तांबे ठेवायचो. दुसरा थर अंथरला की मधून बाहेर हात फिरव, जसा पोळपाटावरचा कागद सरळ करतो तसा. मग तिसरा.

मग कच्चे टाके. वीत-वीत अंतरावर लांब लांब टाके, आधी उभे, मग आडवे. पांढऱ्या दोऱ्यानं, म्हणजे शेवटी काढताना दिसतात. हे काम एका बैठकीत संपव. अर्धं टाकून उठलीस तर पुन्हा सगळं अंथरावं लागेल.

त्यानंतर तीन बाजू अर्धा इंच आत दुमडून शिवून टाक. चौथी बाजू उघडी ठेव. बंद बाजूपासून ओळी घालत उघड्या बाजूकडं जा. जे काही कापड सरेल ते पुढं पुढं सरकत शेवटी उघड्या बाजूनं बाहेर येईल. तिथं समान कापायचं आणि मग ती बाजू दुमडायची. फुगा यायला जागाच राहत नाही.

माझ्या सासूबाई कडेनं सुरू करून चौकोनात चौकोन घालत मधे यायच्या. शेवटचा चौकोन हाताच्या पंज्याएवढा उरायचा आणि तरी सपाट. चाळीस वर्षांचा हात होता तो. पहिल्या वाकळेला तू सरळ ओळीच घाल. दोन ओळींत बोटाचं अंतर. सुईवर एका वेळी चार-पाच टाके घ्यायचे आणि दोरा ओढायचा, पण चुणी पडेल इतका ओढायचा नाही. दोरा मेणावरून एकदा फिरवून घे, गुंता होत नाही.

आणि पाच थर? बाळ श्रावणात येणार. पाच थरांची वाकळ पावसात दोन दिवस वाळत नाही. तीन पुरे. उरलेल्या दोनांची दुसरी कर, एक ओली तर एक कोरडी. लंगोटही अजून एक डझन वाढव.

मोरपिशी | ५ जून

काकू, पाया पडते. पावसाचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आज रात्रीपासून उसवायला घेते.

बेळगावकर | ५ जून

आमच्याकडे हीच कौदी. उत्तर कन्नडमध्ये हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला सिद्दी लोकांच्या बायका कवंदी शिवतात, ती कधी बघायला मिळाली तर जरूर बघा. जुन्या कपड्यांचे तुकडे कडेपासून लावत लावत मधे येतात, म्हणजे तुमच्या काकूंच्या सासूबाईंसारखंच. शेवटी चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंधीची त्रिकोणी फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी मानतात.

कुंचीसाठी खण आणायचा तर गुळेदगुड्डचा मिळतोय का बघा. बागलकोट जिल्ह्यातलं गाव आहे, खणासाठीच प्रसिद्ध. बाजारात खण म्हणून पॉलिस्टरही खूप विकलं जातं, ते बाळाच्या डोक्याला घामट होतं. आणि खण कुठलाही असला तरी आतून मलमलीचं अस्तर हवंच. जरीचे आणि बुट्टीचे धागे उलट बाजूने टोचतात.

गारवा | ६ जून

मी पुरुष आहे, वय ५२, आणि शिवण शिकून मला तीन वर्षं झाली. वडिलांसाठी शिकलो.

त्यांना पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी सदरा घालताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हात वर जात नव्हता आणि आम्ही तो ओढत होतो. दुसऱ्या दिवशी एका शिंप्याकडे गेलो, पूर्ण बाजू उघडणारा सदरा हवा म्हणून समजावून सांगितलं. त्याने आठ दिवस ठेवून नेहमीचाच सदरा शिवून दिला, फक्त मोठ्या मापाचा. बायकोचं मशीन होतं. तिने मला दोरा ओवायला शिकवला आणि मी बसलो.

पहिले तीन सदरे बिघडले. चौथा जमला. त्यात डावी बाही मनगटापासून काखेपर्यंत आणि पुढे कमरेपर्यंत उघडी ठेवलीय, वेल्क्रोने बंद होते. म्हणजे सदरा अंगावर पांघरायचा आणि मिटवायचा. वेल्क्रोची खरखरीत पट्टी नेहमी अशी लावायची की ती कातडीला लागणार नाही. धुवायच्या आधी वेल्क्रो बंद करायचं, नाहीतर इतर कपड्यांचे धागे ओढतं. साध्या सदऱ्यालाही एक नियम आहे, तो मला नर्सबाईंनी शिकवला: घालताना आधी दुबळा हात, काढताना आधी चांगला हात. हे कळल्यावर अर्धी ओढाताण थांबली.

लेंग्याची नाडी काढून इलॅस्टिक घातलं, पण पुढे नाडीची गाठ तशीच शिवून ठेवली. वडील आयुष्यभर नाडीचा लेंगा घालत आले. त्यांना ती गाठ दिसायला हवी होती.

मोरपिशी ताई, तुम्ही झबल्याला बंद लावलेत, त्यावरून आठवलं. आपली जुनी बाराबंदी बंदांचीच. आजारी माणसाला बटणापेक्षा बंद सोपे पडतात, दुसऱ्याला बांधून देताही येतात. हल्ली मी वडिलांच्या बंड्या बंदांच्याच करतो.

टाचणी | ६ जून

गारवा दादा, नाडीच्या गाठीचं वाचून थांबले. माझ्या सासऱ्यांसाठी हा सदरा करायचाय. बाहीचा नमुना लिहून द्याल का?

गारवा | ६ जून

नक्की. रविवारी कागदावर बेतून मापांसकट वेगळा धागा काढतो. त्यांचा दंडाचा घेर आणि खांदा ते मनगट एवढी दोन मापं घेऊन ठेवा.

दूरदेशी | ७ जून

न्यू जर्सीहून लिहितेय. माझ्या मुलीच्या वेळी सासूबाईंनी अशीच गोधडी पाठवली होती. इथल्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र पहिल्याच भेटीत सांगितलं, की बारा महिन्यांपर्यंत बाळ झोपतं तिथे सैल पांघरूण, उशी, मऊ गादी काहीच नको. बाळ पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, आणि डोकंही झोपेत झाकायचं नाही. तोंडावर काही आलं तर ते बाजूला करायची ताकद त्याच्यात नसते. आपल्या घरांमध्ये हे बोललेलं आवडत नाही हे मला माहीत आहे, सासूबाईंनाही वाईट वाटलं होतं. पण मोरपिशी इतक्या मनापासून करतेय तर सांगायला हवं.

आम्ही ती गोधडी जमिनीवर अंथरली. मुलगी त्यावरच पालथी पडली, त्यावरच रांगली. आता सहा वर्षांची आहे आणि तीच पांघरून झोपते.

जुनीसुई | ७ जून

यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. आमची मुलं आमच्या कुशीत झोपायची, रात्री चारदा हात फिरायचा. आता बाळ वेगळ्या पाळण्यात असतं. मोरपिशी, अंथरायला वापर. कुंचीसुद्धा बारशापुरती, नाहीतर कडेवर घेऊन बाहेर जाताना. झोपलं की काढायची.

ओवी | ७ जून

मी नवजात शिशू विभागात नर्स आहे. दूरदेशींनी लिहिलंय तेच आम्हीही आयांना सांगतो. माझी भर: कुंचीचे गळ्याखालचे बंद आखूड ठेवा, बांधल्यावर चार बोटांपेक्षा जास्त लोंबायला नकोत. घुंगरू, मणी, टिकल्या बाळाच्या हाताला येतील अशा जागी लावू नका.

आणखी एक, जे फार कमी जणांना माहीत असतं. ट्रंकेतल्या साड्यांमध्ये डांबरगोळ्या होत्या का? होत्या तर ते कापड तसंच बाळाला वापरू नका. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. डांबरगोळ्यांच्या वाफेने अशा बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. कापड साबणाच्या पाण्यात धुऊन, काही दिवस मोकळ्या हवेत, उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरा. शिवून झालेलं असलं तरीही.

मोरपिशी | ७ जून

होत्या. प्रत्येक घडीत दोन दोन. झबली धुतलीत, पण तेवढीच. आता सगळंच पुन्हा धुऊन गच्चीत टाकते, अजून ऊन आहे तोवर. ओवी, मनापासून आभार.

निशिगंध | ८ जून

मला थोडं वेगळं म्हणायचंय. माझ्या आईच्या साड्या मी कापू शकले नाही, शकणारही नाही. मी त्या नेसते. आईची साडी अंगावर असली की दिवस वेगळा जातो. गोधडी झाली की साडी संपली ना? पदर राहत नाही, निऱ्या राहत नाहीत. हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही, पण कात्री लावताना तुम्हाला काहीच झालं नाही का?

मोरपिशी | ८ जून

झालं. ती हिरवी साडी तीन वेळा काढून परत ठेवली.

चौथ्यांदा काढली तेव्हा फॉल उसवायला बसले. फॉल आई घरीच लावायची. सुलट बाजूने पाहिलं तर टाका दिसतच नाही, काठाच्या रंगात मुंगीच्या पावलाएवढा ठिपका. उलट बाजूला मात्र लांब, तिरके टाके, प्रत्येक एकाच मापाचा. मध्येच वीतभर अंतरात टाके बदललेत, जवळजवळ आलेत आणि दोराही काळा आहे. बहुतेक हिरवा संपला असेल आणि उद्या नेसायची असेल, म्हणून काळ्याने पुरं केलं. मी ते कितीतरी वेळ बघत बसले. साडी नेसलेली आई मला फोटोत दिसते. तिचा हात कसा चालायचा ते या फॉलवर दिसलं.

फॉल उसवला नाही. तेवढा तुकडा काठासकट कापून बाजूला ठेवलाय. बाकीची साडी कापली, कारण ती कापडासारखी वागवायची आईलाच सवय होती. आजीच्या विरलेल्या लुगड्याला दंड घालून ते आणखी दोन वर्षं नेसायला तिने दिलेलं मी पाहिलंय. मधला फाटका भाग काढायचा, उरलेले दोन भाग जोडायचे. त्यातूनही विरलं की दुपटी, मग हात पुसायचं फडकं, शेवटी चुलीपाशी. तिच्या घरात कापड ट्रंकेत संपलं नाही कधी.

तुम्ही नेसता ते मला फार आवडलं. मला या साड्या नेसवत नाहीत, रंग मला तिचेच वाटतात. भरजरी दोन आहेत, त्यांना हात लावलेला नाही.

वऱ्हाडीपाखरू | ९ जून

भरजरीचं बरं केलंत, तिची गोधडी करूही नये. जरीची तार टोचते आणि जुनं रेशीम घड्यांवर चिरतं. नायलॉन, टेरिकॉटही नको, थर सरकतात आणि घाम शोषत नाहीत.

माझी गोष्ट सांगते. आजीने माझ्या लग्नात हाताने शिवलेली गोधडी दिली होती, सात रंगांचे काठ जोडून. इतकी सुंदर, की वापरायला जीव होईना. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. पंधरा वर्षांनी मुलीला दाखवायला उघडली तर कसर लागलेली, घडीवर घडीवर कापड विरलेलं, हात लावला की दोरे सुटत होते. आजीने माझ्या धाकट्या भावाला दिलेली साधी गोधडी त्याच्या घरी अजून आहे. दोनदा वरचा थर बदलला, पण आहे. मला त्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा आजही पस्तावा होतो.

आम्ही अमरावतीकडचे. गाडगेबाबा मूळचे शेंडगावचे, आमच्याच जिल्ह्यातले. चिंध्या जोडलेलं वस्त्र अंगावर असायचं म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणायचे. आजी गोधडी शिवायला बसली की आधी बाबांचं नाव घ्यायची. फाटक्या कापडाला आमच्या घरी कोणी हलकं म्हटलेलं मला आठवत नाही.

निशिगंध | ९ जून

पाखरू, तुमचं वाचून आईच्या न नेसलेल्या साड्या आज बाहेर काढल्या. घड्या बदलून ठेवल्या. दोन सुती साड्या विरत आल्यात, त्या नेसता येणार नाहीत. त्यांचं काय करता येईल ते इथे विचारेन.

कोरंपान | १० जून

नवीन आहे, प्रश्न विचारते. बाळासाठी आधी शिवू नये म्हणतात, मग तुम्ही सगळं आधीच कसं करताय? आणि दुसरं, माझ्या मशीनवर कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. बॉबिन तीनदा बदलली.

जुनीसुई | १० जून

नवं आधी आणू नये म्हणतात. जुन्याला कुणाची ना नाही. उलट बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लावतात, घरातल्या धडधाकट पोराचं झबलं मागून आणतात. जुनं कापड मऊ असतं, हे त्यामागचं कारण मला पटतं. खणाची कुंची नवी आहे, ती बाळ आल्यावर शिवली तरी बारशापर्यंत बारा दिवस मिळतात.

गुंता खाली दिसला तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. दाब, म्हणजे कापड धरून ठेवणारा मशीनचा पाय, उचलून वरचा दोरा पहिल्यापासून पुन्हा ओव, ताणाच्या चकत्यांमधून गेलाय का बघ. नसेल जात तर ताण थोडा वाढव. मलमलीला ११ नंबरची सुई लाव. १६ ची जाड सुई मलमलीत भोकं पाडते.

कोरंपान | १० जून

दाब खाली ठेवून ओवत होते! आता टाका सरळ येतोय.

मोरपिशी | २९ जून

काकूंनी सांगितलं तसं केलं. उसवायला पाच रात्री लागल्या. मग एका रविवारी सकाळी हॉल रिकामा केला, नवऱ्याने आणि लेकीने टोकं धरली, तीन थर अंथरले. वरवंटा आमच्याकडे नाही, कोपऱ्यांना डाळींचे डबे ठेवले. कच्चे टाके घालून उठले तेव्हा दोन वाजले होते, जेवण लेकीने वाढलं. ओळी आता रोज पाच-सहा होतात. खाली जमिनीवर बसून, एक पाय गोधडीवर. कापड खरंच पुढे सरकत जातं, उघड्या बाजूला आत्ताच बोटभर जास्तीचं आलंय.

एक ओळ लेकीने घातली. तिचे टाके मोठे आहेत, वाकडेही. ती उसवायची नाही असं आम्ही ठरवलंय.

मोरपिशी | ३ सप्टेंबर

मुलगी झाली! बारसंही झालं. उशिरा लिहितेय, घर भरलेलं होतं.

हिशेब देते. झबली छान झाली, पण आठ कमी पडली, पावसात वाळेनात. लंगोट तीन डझन केले होते म्हणून निभावलं. टोपडी मात्र चारही घट्ट झाली, डोक्याचा घेर न विचारता आईच्या जुन्या नमुन्यावर केली होती. मागे मध्यावर उसवून बोटभर रुंदीचा तुकडा घातला, आता बसतात. खणाची कुंची बारशाला घातली, अर्धा तास राहिली, मग काढली.

गोधडी सपाट आली. बहिणीने पहिल्याच दिवशी जमिनीवर अंथरली. तिच्या सासूबाई म्हणाल्या, इतक्या कष्टाची आहे, जपून ठेव. बहिणीने त्यांना पाखरूंची गोष्ट सांगितली. बाळाने गोधडी किती वेळा भिजवली ते आता मोजत नाही, आतापर्यंत सात वेळा धुतली. हिरवा रंग थोडा उतरलाय आणि कापड आणखी मऊ झालंय.

काकू, एक अडचण आहे. एका कोपऱ्यातला दोरा सुटलाय. गाठ मारली होती ती धुण्यात निसटली आणि दोन ओळी चार बोटांपर्यंत उसवल्या. कापडही तिथे जरा फाटलंय. बहिणीने ती माझ्याकडे पाठवलीय. पुन्हा गाठच मारू का?

जुनीसुई | ३ सप्टेंबर

लेक झाली, फार छान वाटलं. बाळबाळंतिणीला जपा.

गाठ नको. गाठ निसटते आणि बाळाला टोचतेही. संपताना जागच्या जागी दोन उलट टाके घाल, मग सुई थरांच्या आतून दोन बोटं मागं ने, दोरा ताणून कापडालगत तोड. टोक आत जाऊन बसतं. सुटलेल्या ओळींना नवा दोरा लावताना चांगल्या टाक्यांच्या चार बोटं आधीपासून सुरू कर.

फाटलंय तिथं त्रिकोणी तुकडा बसव, दोन्ही बाजूंनी दुमडून. सापडला तर त्याच साडीचा घे, म्हणजे दोन्ही कापडं सारखीच आटतील. उरलाय का तुकडा?

मोरपिशी | ३ सप्टेंबर

उरलाय. फॉलचा ठेवलेला आहे, त्याच्यावरचे काळे टाके न उसवता बसवते.